आधी कानावर घातलेलं बरं

दाबके-सानांचा मला आलेला पहिला फोन, दुसऱ्या दिवशी ते मला फोन करणार आहेत हे सांगण्यासाठी होता.

"नमस्कार, मी दाबके बोलतोय. उद्या सकाळी तुमच्या कंपनीच्या मीटिंगला मी फोनवर असेन. तिथे मी तुम्हाला विचारणार आहे, की आमच्या पोरांच्या पगाराचं सॉफ्टवेअर सीझन सुरू व्हायच्या आत होईल का. तुम्ही 'होईल' म्हणालात तर मी आभार मानेन. 'नाही होणार' म्हणालात तर 'बघा जरा' म्हणेन. एवढंच. आधी कानावर घातलेलं बरं, म्हणून फोन केला."

हे सगळं स्वच्छ मिरजेच्या मराठीत. मी तोक्योतल्या फुनाबोरीच्या घरात एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत, पण जपानीत विचारला. मी "होईल" म्हटलं. त्यांनी आभार मानले. आमच्या मॅनेजरला वाटलं, काय झटपट काम झालं! पुण्यात आमच्याकडे एका मीटिंगमध्ये काय ठरलं ते शोधायला दुसरी मीटिंग घ्यायचे, त्यामुळे मलाही गंमत वाटली.

काम तसं किरकोळ होतं, म्हणूनच ते माझ्या गळ्यात पडलं होतं. आमची कंपनी कावासाकी शहरातली. जपान समुद्राच्या काठावर एक बंदराचं गाव आहे, तिथल्या व्यावसायिक बेसबॉल संघाचे पगार आणि तिकिटं कॉम्प्युटरवर आणून द्यायची होती. टीव्हीवर दिसतो तसला बडा संघ नव्हे. खालच्या, प्रादेशिक लीगमधला. तिथल्या खेळाडूंना पगार मिळतो तो खेळाच्या महिन्यांपुरता. थंडी पडली की पगार बंद, आणि मग कालपर्यंत ज्याच्या सह्या घ्यायला मुलं रांग लावायची तो कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफीचे कप मोजताना दिसतो. संघाची मालक गावातलीच कामाबोकोची कंपनी, म्हणजे माशाच्या त्या गुलाबी-पांढऱ्या वड्या करणारी. तिचे म्हातारे अध्यक्ष, सगळे त्यांना काइचो म्हणायचे, बेसबॉलवेडे होते. वड्यांवर जे मिळायचं ते बेसबॉलमध्ये घालवायचे आणि खुशीत असायचे.

दाबके तरुणपणी यंत्रांच्या ट्रेनिंगला म्हणून जपानला आले आणि राहिले. कामाबोको कंपनीत हिशेब बघायचे. काइचोंनी संघ काढला तेव्हा "तुम्ही क्रिकेटवाले, तुम्हाला कळेल" असं म्हणून त्यांना तिथे बसवलं. ऑफिसप्रमुख, खजिनदार, करारमदार बघणारे, प्रसंगी बसचे क्लीनर, सगळं तेच. सांगलीला कॉलेजात ते विकेटकीपर होते. बेसबॉलमधली एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत पचली नाही. "चेंडू मारला की बॅट फेकून पळायचं? आमच्या सरांनी कानफटात दिली असती!" असं ते दर मॅचला एकदा तरी म्हणत. शेजारी बसलेल्याला मराठी येत नसे, तरी तो मान डोलवत असे.

दिसायला काटकुळे, केस नीट विंचरलेले, टायवर संघाचं निळं जाकीट. चालताना थोडे पुढे वाकलेले, जणू पुढच्या माणसाला काहीतरी सांगायचंय. आणि सांगायचंच असे. काहीही ठरवायचं असलं तर ज्याचा ज्याचा त्याच्याशी संबंध आहे त्या प्रत्येकाकडे आधी जाऊन यायचं, हा त्यांचा धर्म होता. बसची वेळ बदलायची असली तरी ते आधी ड्रायव्हरकडे, मग मॅनेजरकडे, मग वाटेतल्या पेट्रोलपंपाकडे जाऊन येत. जपानी माणसं हे करतातच, त्याला नेमावाशी म्हणतात. पण जपानी माणूस जिथे दोघांना विचारेल तिथे दाबके पाचांना विचारत. बाटलेला माणूस जास्त कडवा असतो म्हणतात तसलाच हा प्रकार, असं मी एकदा त्यांना म्हटलं. ते रागावले नाहीत.

"अहो, हा माळीकामातला शब्द आहे," ते म्हणाले. "मोठं झाड हलवायचं असलं की आधी कितीतरी महिने मुळांभोवती हळूहळू खणत जातात. एकदम उपटलं तर मरतं. माणसाचंही तसंच. मीटिंगमध्ये कुठलीही गोष्ट कोणी पहिल्यांदा ऐकता कामा नये. त्याचं तोंड पडतं हो. मला बघवत नाही."

त्यांच्या लग्नाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. योशिको-सान कंपनीच्या पॅकिंग विभागात होत्या. दाबक्यांनी आधी तिच्या आईला विचारलं, मग मोठ्या भावाला, मग आत्याला, मग कंपनीतल्या साहेबांना, मग तिच्या जिवलग मैत्रिणीला. मिरजेला पत्र टाकून परवानगी आणवली. सगळ्यांचा होकार गोळा करून हा गृहस्थ तिच्यापुढे उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "गावात मी एकटीच उरले होते, मलाही कोणी विचारेल की नाही अशी काळजी वाटत होती." हे सांगताना दाबके इतके हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं. योशिको-सान जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मुलगी नागोयाला नोकरी करत होती. हे घरी एकटेच.

गणपतीत ते एकदा निशी-कसाईच्या आमच्या मंडळात आले. येण्याच्या आठवडाभर आधी मोदक करणाऱ्या सगळ्या बायकांना त्यांनी फोन करून कळवलं होतं, की मी दोनच खाईन, आग्रह करू नका. आणि जर जास्त खाल्लेच तर त्याबद्दल आत्ताच क्षमा मागून ठेवतो. खाल्ले चिक्कार. माझी लेक रेवा तेव्हा दुसरीत होती. ते तिच्याशी मराठीत बोलत होते, ती जपानीत उत्तरं देत होती. मी तिला दटावायला लागले तर म्हणाले, "राहू द्या. घरी आल्यासारखं वाटतं. आमचीही असंच करते." रेवालाही ते 'तुम्ही' म्हणत होते.

दर महिन्याला एक-दोन दिवस मी त्या गावी जायची. आधी शिन्कान्सेन, मग दोन डब्यांची छोटी गाडी. पगार बँकेत जमा होण्याची सोय मी करून दिली होती. पगाराची पावती मोबाईलवर येईल अशीही सोय केली. दाबक्यांनी ती बंद करायला लावली. पावती ते छापायचे, पाकिटात घालायचे आणि सरावाच्या आधी एकेका खेळाडूला दोन्ही हातांनी द्यायचे. देताना त्याच्या त्या महिन्यातल्या खेळाबद्दल एक वाक्य. एकच. "तिसऱ्या बेसकडचा तो थ्रो मी विसरणार नाही." "पाय दुखतोय ते तू लपवतोस, मला दिसतं." ती पोरं पाकीट न उघडता खिशात घालायची, आकडा त्यांना पाठच होता. त्या वाक्यासाठी मात्र थांबायची.

ओबा नावाचा एक कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपर, होता. तिशीला आलेला, गावचाच मुलगा, रुंद, अबोल. बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. बायकोच्या भावाचा दुसऱ्या शहरात बांधकामाचा धंदा होता आणि तो दर थंडीत ओबाला बोलवायचा: ये, बारा महिने पगार देतो. दर थंडीत ओबा हलायचा आणि दर थंडीत दाबके त्याला थांबवायचे. विकेटकीपर असल्यामुळे असेल, पण त्यांचा ओबावर फार जीव होता. सगळा खेळ तोंडासमोर दिसणारा मैदानावर तो एकटाच असतो, असं ते म्हणायचे. येत्या सीझनपासून त्याला खेळता खेळता कोचही करायचं आणि कोचचा पगार बाराही महिने द्यायचा, असं त्यांनी काइचोंकडून कबूल करून घेतलं होतं. ओबानेही मेव्हण्याला सांगितलं होतं, सीझन संपेपर्यंत थांब.

तेवढ्यात काइचो आजारी पडले.

कंपनी मुलीच्या हातात गेली. बाई वाईट नव्हती. तिने दाबक्यांना बोलावून सरळ सांगितलं, की मासळी महागली आहे, कामगारांना काढायचं की बेसबॉल, एवढंच माझ्यापुढे उरलंय. हा सीझन मी पूर्ण करेन. पुढचे पगार मी देऊ शकणार नाही. मालक शोधा, नाहीतर संघ बंद करू.

त्या उन्हाळ्यात दाबके फार उतरले. मैदानात पोरं जीव तोडून खेळत होती, आणि त्यांच्या पुढच्या वर्षाच्या पगाराला वाली नाही हे स्टँडमध्ये बसलेल्या एका माणसाला ठाऊक होतं. तरी त्यांनी हात टेकले नाहीत. बँकेच्या ओळखीतून तोक्योतली एक कंपनी पुढे आली. मोबाईलवरचे खेळ बनवणारी, नवी, शेअर बाजारात असलेली. त्यांना खरोखरीचा एखादा संघ हवा होता. खेळाडू सगळे ठेवू, गाव बदलणार नाही, ओबाचं कोचपदही मान्य. अट एकच. आम्ही जाहीर करेपर्यंत कुठेही ब्र काढायचा नाही. शेअर बाजारातल्या कंपनीला ते चालत नाही. त्यांच्याकडून कितागावा नावाचा एक शांत, तरुण गृहस्थ आला आणि सगळ्यांकडून गुप्ततेच्या सह्या घेऊन गेला. पगाराचे आकडे मीच काढून देणार होते, म्हणून माझीही सही घेतली.

मी त्या दिवशी ऑफिसातच होते. कितागावा-सान गाडीला गेले. दाबके बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी जाकीट घातलं, आरशात बघून टाय सारखा केला.

"कुठे निघालात, काका?"

"मुराईकडे जाऊन येतो."

मुराई-सान म्हणजे बाजारपेठेतले तांदळाचे दुकानदार आणि संघाच्या चाहत्यांचे म्होरके. संघ निघाल्यापासून प्रत्येक मॅचला ढोल त्यांचा. पाऊस असो, हरणं असो, सातव्या इनिंगला उठून ते ढोल वाजवायचे, आणि योशिको-सान गेल्या तेव्हा दाबक्यांच्या दाराशी रोज तांदळाची पिशवी ठेवून न बोलता निघून जायचे.

मी म्हटलं, "काका, आत्ताच सही केलीय आपण. बाहेर बोलायचं नाही म्हणून."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले.

"सही बाहेरच्यांना न सांगण्याची आहे, मधुराताई. मुराई बाहेरचा आहे का?"

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "त्याला पेपरात वाचून कळलं तर? इतकी वर्षं ढोल वाजवलाय त्याने. उद्या मी त्याच्या दुकानावरून कुठल्या तोंडाने जाऊ? नाही नाही. आधी कानावर घातलेलं बरं." आणि गेले.

पुढे जे झालं त्याला मी गावगप्पा म्हणणार नाही. गावगप्पा परवडल्या असत्या, त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मुराई-सानांनी शब्द दिला आणि पाळलाही, त्यांच्या समजुतीप्रमाणे. त्यांनी फक्त न्हाव्याला सांगितलं, कारण चाहत्यांच्या मंडळाचा तो उपाध्यक्ष, आणि उपाध्यक्षाला डावलणं बरं दिसलं नसतं. न्हाव्याने फक्त स्टेशनसमोरच्या नूडल्सवाल्याला सांगितलं, कारण संघाच्या बसचा डबा तो भरायचा, आणि पुढच्या वर्षीचं पीठ त्याने आत्ता बोलून ठेवायचं की नाही? नूडल्सवाल्याने फक्त लोणचीवाल्या आजींना सांगितलं, कारण ओबा त्यांच्या घरी भाड्याने राहायचा. प्रत्येकाने एकालाच सांगितलं. प्रत्येकाने ज्याला सांगायलाच हवं होतं त्यालाच सांगितलं, आणि तोंडावर बोट ठेवून सांगितलं. आठवड्याभरात सबंध बाजारपेठेला ठाऊक झालं आणि सबंध बाजारपेठ काहीच ठाऊक नसल्यासारखी वागू लागली. मी गेले तेव्हा तिथे इतकी शांतता होती, की मला शंका आली. तांदळाच्या दुकानात मला कधी नव्हे तो चहा मिळाला.

मग कितागावा-सान आणि त्यांच्या वरचे साहेब गाव बघायला आले. गुपचूप, साध्या कपड्यांत, पर्यटकांसारखे. मैदान बघायचं, बाजारातून एक फेरी मारायची, गावात संघाबद्दल किती आस्था आहे याचा अंदाज घ्यायचा आणि मग ऑफिसात यायचं असा बेत होता. आम्ही दोघं ऑफिसात वाट बघत बसलो होतो.

त्या फेरीत काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्याने उतरताना पैसे घ्यायला नकार दिला. जपानात! नूडल्सच्या दुकानात न मागवलेली कोळंबीची तेम्पुरा पानात आली, आणि मालक स्वतः बाहेर येऊन कमरेत वाकला. ते बाहेर पडले तर न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून दारात येऊन वाकला, आणि ते गिऱ्हाईकही आतून साबणासकट वाकलं. कोणी एक अक्षर बोललं नाही. सगळ्यांनी गुपित पाळलं. लोणचीवाल्या आजींना मात्र राहवलं नाही. त्यांनी रस्ता ओलांडून त्या साहेबांच्या हातात मिकान संत्र्यांची पिशवी कोंबली आणि म्हणाल्या, "आमच्या मुलांना सांभाळा हं."

ते दोघे ऑफिसात आले तेव्हा ती पिशवी साहेबांच्या हातात होती. त्यांनी ती टेबलावर अलगद ठेवली.

"या गावचे लोक फार प्रेमळ आहेत," कितागावा-सान म्हणाले.

दाबक्यांनी पिशवीकडे पाहिलं. ती कुठल्या दुकानाची आहे ते त्यांना कागदावरून कळत होतं. पुढची मीटिंग अतिशय सभ्यपणे पार पडली. आकडे पाहिले, चहा झाला. निघताना साहेब म्हणाले, "आम्ही यावर विचार करू." जपानात चार-दोन वर्षं काढलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आठवड्याने एक छोटी मेल आली, की सध्याच्या परिस्थितीत पुढे जाता येणार नाही, क्षमस्व.

मी दाबक्यांना सांगून बघितलं, की कदाचित त्यांना आकडेच पटले नसतील, निमित्त शोधत असतील. बँकेतल्या माणसानेही तेच सांगितलं. तसं असूही शकेल, मला आजही खात्रीने सांगता येत नाही. पण दाबक्यांनी ते कधीच मानलं नाही.

दुसरा मालक मिळाला नाही. शरद ऋतू आला आणि करारांचे दिवस आले. जपानात बेसबॉलमध्ये याचा एक सोहळा असतो. खेळाडू सूट घालून एकेकटा खोलीत येतो, समोर संघाचा माणूस, मध्ये टेबल, पुढच्या वर्षाचा पगार सांगितला जातो, सही होते, बाहेर फोटो काढतात. आमच्या संघात फोटो काढायला गावच्या पेपराचा एकच माणूस यायचा, पण सूट सगळे घालायचे. कोणी भावाचा, कोणी वडिलांचा. त्या वर्षी पुढच्या वर्षाचा पगारच नव्हता. दाबके प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकाच्या अरुबाइतोच्या, म्हणजे जोडकामाच्या, जागी जाऊन आधीच सांगून आले होते, की संघ बंद होतोय. खोलीत यायची गरज नाही, असंही सांगितलं होतं.

सगळे आले. सूट घालून आले. मी शेजारच्या खोलीत प्रत्येकाची शेवटची कागदपत्रं काढून देत होते, मधलं दार उघडं होतं. एकेकजण आत यायचा, खुर्चीत टेकायचा, सही करण्यासारखं काही नसल्यामुळे हात मांडीवर ठेवून बसायचा. दाबके त्याला त्याच्याबद्दल एक वाक्य सांगायचे. मग तो उठून वाकायचा आणि म्हणायचा, तुम्ही आम्हाला फार सांभाळलंत.

ओबा शेवटी आला. त्याने दोन महिन्यांपूर्वीच हो म्हटलं असतं तर मेव्हण्याने त्याला मुकादमाची जागा दिली असती. ती आता दुसऱ्या कोणाला दिली होती, ओबाला साध्या मजुरीवर जायचं होतं. दाबक्यांना हे माहीत होतं. आणि बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक होतं ते, लोणचीवाल्या आजींच्या घरात राहणाऱ्या ओबालाही ठाऊक होतं, हे मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं. गुप्त बातमी कोणाच्या तोंडून पहिल्यांदा फुटली, हे त्याला ठाऊक होतं.

दाबक्यांनी त्याच्यासाठी वाक्य तयार केलं असणार. ते तोंडातून निघेना. ओबा थांबला. मग त्यानेच खुर्ची मागे सारली, उभा राहिला आणि इतर सगळ्यांपेक्षा खाली वाकला. "तुम्ही मला फार सांभाळलंत," तो म्हणाला, आणि दार अजिबात आवाज न करता लावून गेला.

मी आत गेले तेव्हा दाबके रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"एकाने तरी मला शिव्या द्यायला हव्या होत्या हो," ते म्हणाले. "मिरजेत असतो तर दगड आले असते घरावर. आले असते की नाही? मग मीही ओरडलो असतो, रडलो असतो, मोकळा झालो असतो. इथे सगळे वाकतात. मुराई अजून तांदूळ ठेवतो दारात. कोणी काही म्हणतच नाही, मधुराताई. मी आता माफी तरी कोणाकडे मागू?"

मी पाणी आणून दिलं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याचं तोंड पडू नये म्हणून धावला आणि त्याच धावण्याने घात झाला, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. आजही वाटतं. ते मुराईकडे निघाले त्या दिवशीच मी त्यांना हाताला धरून खाली बसवायला हवं होतं, असं माझा नवरा म्हणतो. त्याने दाबक्यांना जाकीट घालताना पाहिलेलं नाही.

थंडीभर ते खेळाडूंसाठी जागा शोधत फिरले. दोघांना दुसऱ्या लीगमध्ये लावलं, एकाला शाळेत, एकाला वृद्धाश्रमात. ओबाच्या मेव्हण्यालाही भेटून आले, पण तिथे काही जमलं नाही. काइचो त्याच थंडीत वारले. शेवटपर्यंत त्यांना कोणी संघाचं सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम सगळ्यांनी दाबक्यांवर सोपवलं होतं, आणि दाबके हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे.

मार्चमध्ये ऑफिसचे कॉम्प्युटर बंद करून सामान परत पाठवायला मी शेवटची गेले. दाबक्यांनी किल्ल्या दिल्या, चहा पाजला, रेवाची चौकशी केली. पुढचा काय बेत आहे विचारलं, तर "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवरच्या कोन्बिनीत कॉफी घ्यायला म्हणून बाहेर पडले, बाजारपेठेतून चालत गेले. दुकानं उघडायची वेळ होऊन गेली होती तरी सगळी शटर खाली होती. मला वाटलं, काहीतरी सुट्टी असणार. जपानात सुट्ट्यांना तोटा नाही.

स्टेशनात जाळीपलीकडे प्लॅटफॉर्मवर दाबके उभे होते. सोबत दोन बॅगा. अंगात संघाचं जाकीट नव्हतं, साधा राखाडी कोट होता, आणि त्यात ते एकदम म्हातारे दिसत होते. मला बघून चोरी पकडली गेल्यासारखे कसंनुसं हसले.

"नागोयाला चाललोय. मुलीकडे. कायमचा." मग जाळीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कोणाला सांगितलेलं नाही. निरोप घ्यायला गेलो असतो तर परत सगळे वाकले असते. तुम्हीही बोलू नका. दुपारी माझं पत्र मिळेलच मुराईला."

"नाही बोलणार."

"आत्ता येताना धाकधूक होत होती, पण नशिबाने बाजारात चिटपाखरू नव्हतं. दुकानं अजून उघडली नाहीत कोणी. कशी काय कोण जाणे."

दोन डब्यांची गाडी आली. मी त्यांना जाळीअलीकडूनच नमस्कार केला. एक बॅग आत ढकलून ते दुसरीसाठी वळले, तेव्हा मला वाटलं काहीतरी बोलतील. पण दुसरी बॅग आत जाताच गाडीचं दार लागलं. काचेतून त्यांनी हात हलवला, थोडा वेळ, आणि मग बसले.

कॉफी न घेताच मी परत फिरले. बाजारपेठेच्या तोंडाशी आले, तर गाडी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला आणि न्हाव्याचं शटर वर गेलं. मग नूडल्सवाल्याचं. मग आजींचं. एकामागून एक, सगळा रस्ता उघडत गेला. कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं, जो तो आपापला माल बाहेर मांडत होता. मुराई-सान तांदळाच्या दुकानातून झाडू घेऊन बाहेर आले. मला पाहून त्यांनी झाडणं थांबवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बसायला जागा मिळाली ना त्यांना?"

"मिळाली," मी म्हटलं. "खिडकीजवळची."